आसनाआधी मैत्री



पतंजलींच्या अष्टांगयोगात आसन तिसऱ्या स्थानी येते. पहिले स्थान यमांचे, आणि यमांत अग्रस्थान अहिंसेचे. आचार्य हरिभद्रसूरींनी ‘योगदृष्टिसमुच्चया’त आठ योगदृष्टी वर्णिल्या आहेत, त्यांतील पहिलीचे नावच ‘मित्रा’. अर्थात इतरांविषयीचा सद्भाव हे योगाचे प्रवेशद्वार आहे.

४८ मिनिटांच्या सामायिकात श्वासावर स्थिरावलेले चित्त, उठताच नोकराच्या किरकोळ चुकीवर भडकले, तर साधना बैठकीसोबतच गुंडाळली गेली म्हणायची. ईर्यासमिती पावलाखालच्या मुंगीला जपते, भाषासमिती समोरच्याच्या मनाला. गिऱ्हाइकाशी, हमालाशी, घरच्या सुनेशी बोलण्यापूर्वी श्वासभर थांबणे, हाही योगाभ्यासच होय.

जय जिनेंद्र!