मरणाला नाव द्या



तळ्यात मासे मेले की दोष तळेवाल्याचा. पाणी राखले नाही, खाद्य जास्त टाकले. कपाशी वाळली तरी आपण हेच ऐकतो.

इस्रायलमध्ये २००९ पासून तिलापिया, म्हणजे आपली चिलापी, मरू लागली. तळ्यांतली मेली, गॅलिलीच्या सरोवरातलीही घटली. संशोधकांनी आजारी माशांच्या मेंदूचा अर्क प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर टाकला. पेशी मेल्या. तिथे वाढलेले निरोगी माशांना टोचले, बहुतेक मेले. जे वाचले ते पुन्हा टोचल्यावर तगले. २०१४ साली विषाणू जाहीर झाला. २०१६ मध्ये त्याची जनुके वाचली: दहा तुकडे, एकाचे फ्लूच्या विषाणूशी थोडे साम्य, बाकी नऊ कशाशीच जुळेनात.

याचा आपल्याला उपयोग काय? जनुके वाचली म्हणून तपासणी निघाली. तपासणी निघाली म्हणून थायलंड, इजिप्तमध्ये तो सापडला; २०१८ मध्ये पश्चिम बंगाल आणि केरळमधूनही नोंद झाली. रोग माशांचा आहे, माणसांचा नव्हे. पण त्यावर औषध नाही. तो बीजाबरोबर गावोगाव जाऊ शकतो.

म्हणून शेततळ्यात चिलापी सोडण्याआधी तपासणीचा दाखला मागू. मासे मरू लागले तर त्या तळ्यातले बीज शेजाऱ्याला देणार नाही. आजारी मासे बर्फात घालून तपासायला पाठवू. कपाशीच्या बियाण्याची पावती मागायला आपण शिकलो. आता मत्स्यबीजाचा दाखला मागू.