मोडलेली मांडी आणि आषाढातली लावणी



वसंत व्याख्यानमालेत मांडीच्या हाडावर बोलायचं मी मुद्दाम ठरवलं. हाच मोसम भाताच्या राबासाठी झाडांची टहाळं तोडण्याचा, आंबे उतरवण्याचा, एका मोटारसायकलवर तिघांनी लग्नाला जाण्याचा. झाडावरून पडलेला असो की कसारा किंवा माळशेजच्या रस्त्यावर धडकलेला असो, मोडतं ते शरीरातलं सगळ्यात लांब आणि दणकट हाड. ते मोडताना लीटर-दीड लीटर रक्त मांडीतल्या मांडीत साचू शकतं. वर कातडीवर ओरखडाही नसतो. घरचे म्हणतात, मुका मार आहे, आणि माणूस पांढरा पडत जातो.

म्हणून पहिलं काम तुमचं आहे, डॉक्टर म्हणून माझं नंतरचं. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला मांडीच्या हाडाला गोळी लागलेले बहुतेक सैनिक दगावत. जखमी पाय जिथल्या तिथे ताणून थॉमस स्प्लिंट या आधाराच्या चौकटीत बांधायला लागल्यावर, १९१७ च्या आरासच्या लढाईत हे मृत्यू १६ टक्क्यांच्या आसपास आले.  मोठा फरक पडला तो पाय बांधून आणल्यामुळे. आपल्याकडे रस्ता नसलेल्या पाड्यावरून माणूस झोळीत येतो, आणि झोळीत मांडी दुमडते, टोकं आतलं मांस फाडत राहतात. दोन सरळ बांबू घ्या. एक बाहेरून काखेपासून घोट्याच्या खालपर्यंत, दुसरा आतून जांघेपासून. मध्ये लुगड्याच्या घड्या ठेवा आणि बांधा. बांबू नसतील तर मोडका पाय चांगल्या पायालाच बांधा. मग झोळी नको. फळी, दार, खाट, जे सपाट मिळेल त्यावर घ्या. रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन तेवढ्यात झालेला असावा.

आता मोडलेल्या हाडाच्या आत घालायच्या रॉडकडे येतो. आमच्या आधीच्या पिढीच्या रुग्णाला पायाला वजन लावून दोन-तीन महिने खाटेवर पडून राहावं लागे. हाड जुळे, पण गुडघा आखडे, पाय आखूड होई, पाठीला जखमा होत. जर्मनीतल्या कील शहरात गेरहार्ड क्युन्शर यांनी १९३९ मध्ये मांडीच्या हाडाच्या पोकळीत पोलादी खिळा घातला. वेळूला बाहेरून कामट्या बांधण्याऐवजी त्याच्या पोकळीतूनच गज सारावा, तसं ते. त्यांच्या सहकाऱ्यांना ते पटलं नव्हतं. मज्जेला हात लावला तर हाड जुळणारच नाही, असं मानत. मग दुसऱ्या महायुद्धातले युद्धकैदी सुटून घरी परतले, त्यांच्या एक्स-रेत ही लांब सळई दिसली आणि दोस्त राष्ट्रांचे डॉक्टर चकित झाले. तिथून हे तंत्र जगभर गेलं. आपल्या मुंबईच्या डॉ. तळवलकरांनी हाताच्या हाडांसाठी केलेला चौकोनी खिळा आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

क्युन्शरच्या खिळ्याची एक अडचण होती. हाडाचा चुरा झाला असेल तर तुकडे खिळ्यावरून खाली सरकत, पाय फिरे. १९७० नंतर खिळ्याच्या दोन्ही टोकांना आडवे स्क्रू आले आणि ती अडचण सुटली. आज खुब्याच्या वर छोटा छेद घेऊन, तुटलेल्या जागेला न उघडता, सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर बघत रॉड खाली उतरवतात. तुटलेल्या जागी रक्ताची जी गाठ जमते तिच्यातूनच नवं हाड तयार होतं, म्हणून ती न उघडण्यात शहाणपण आहे. सिएटलच्या डॉक्टरांनी १९८४ मध्ये अशा ५२० शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला. ९९ टक्के हाडं जुळली होती, जंतुसंसर्ग एका टक्क्याहून कमी.

सी-आर्म नाही म्हणून हे थांबू नये, असं मला मनापासून वाटतं. अमेरिकेतले डॉ. लुईस झर्कल यांनी व्हिएतनाममध्ये काम केलं होतं. त्यांनी १९९९ मध्ये संस्था काढून असा रॉड पुढे आणला, ज्याचे स्क्रू बाहेरून धरलेल्या मापाच्या पट्टीवरून बसवता येतात. गरीब देशांतल्या साध्या शस्त्रक्रियागृहांसाठी तो आहे. शहापूर-मुरबाडच्या माणसाने प्रत्येक मांडीसाठी ठाणे किंवा मुंबई गाठावी, हे मला मान्य नाही.

वेळेचंही सांगतो. डॅलसमध्ये १९८९ साली १७८ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात, बऱ्याच जागी मार लागलेल्यांपैकी ज्यांचं हाड २४ तासांत बसवलं त्यांना फुप्फुसाचा त्रास कमी झाला. मोडलेल्या हाडातली चरबी रक्तातून फुप्फुसात जाते, हाड हलत राहिलं तर हा धोका वाढतो. पण आपल्याकडे पहिले आठ दिवस हाडवैद्याच्या पट्टीत जातात. त्या वैद्यांबद्दल मला राग नाही. मनगट-बोटं त्यांच्याकडे बरी झालेली मी पाहिली आहेत. मांडी मात्र त्यांच्या हाती देऊ नका. घट्ट कामट्यांनी रक्त थांबून पाय काळा पडलेला मी पाहिला आहे, आणि तेल लावून चोळलेली मांडीही. खर्चाच्या भीतीने थांबला असाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. निघताना रेशनकार्ड आणि आधार बरोबर घ्या.

घरात पडून खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या आजीलाही वेळेचं हेच गणित लागू आहे. ‘आता या वयात कशाला ऑपरेशन’ म्हणून खाटेवर ठेवलेली आजी हाडाने जात नाही, पडून पडून न्यूमोनियाने जाते. तिची शस्त्रक्रिया लवकर व्हायला हवी.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी गुडघा वाकवायला लावतो. दुखतं, तरी वाकवायचा. कुबड्यांवर चार-आठ दिवसांत उभं राहता येतं. पायावर वजन किती टाकायचं ते मोड पाहून ठरतं. हाड पुरतं जुळायला चार-सहा महिने लागतातच, रॉडने ते लवकर जुळत नाही. विडी-तंबाखू चालू ठेवली तर आणखी उशीर. चैत्रात राबाच्या झाडावरून पडलेला माणूस आषाढात बांधावर उभा राहून लावणी बघेल, कदाचित बसून रोपांची मूठ बांधेल. चिखलात उतरून आवणाचा, म्हणजे भाताच्या रोपांचा, भारा उचलायला मात्र मी त्याला त्या वर्षी परवानगी देत नाही. बरं झाल्यावर रॉड काढायचा का, हे सगळे विचारतात. मोठ्या माणसात त्रास नसेल तर तो आयुष्यभर आत राहू दिला तरी चालतो.