बाळंतीण, मिश्री आणि घरभेट

मी गावात घरभेटी देणारी नर्स आहे. बाईचं व्यसन म्हटलं की मिश्री कुणाला आठवतच नाही. पण मिश्री म्हणजे भाजून कुटलेला तंबाखूच. गरोदरपणी लावली तर बाळ कमी वजनाचं जन्मण्याचा धोका वाढतो. पुढे निकोटिन दुधातूनही बाळाच्या पोटात जातं.

हे कळलं की सासू, नवरा सगळे तिलाच बोल लावतात. मग ती डबी उशाखाली लपवते. म्हणून मी आधी विचारते : जेवलीस का? झोप झाली का? मिश्रीची तलफ कधी येते? बायका सांगतात, भूक मारायला, पोट साफ व्हायला, शीण घालवायला लावतो. तेव्हा घरच्यांना सांगावं लागतं, आधी हिला वेळेवर भाकरी द्या, तासभर बाळाला घ्या. अंगावर पाजणं मात्र बंद करायला लावू नये.

२०११पासून सरकारी कार्यक्रमात दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे ४२ दिवसांत आशाताईच्या ६ भेटी ठरल्या आहेत. त्यांत बाळाचं वजन होतं. आईच्या भुकेची, शिणाची विचारपूसही व्हावी, ही मागणी आपल्या गटांनी लावून धरली पाहिजे.