पेज कुणाचं? कर्नलचा हिशेब आणि आपल्या खिशातला फोन

आज थोडं खोल पाण्यात उतरायचंय. ऑपरेटिंग सिस्टीमचा जो गाभा असतो, कर्नल, तो मेमरीची पेजेस कशी सांभाळतो आणि त्या सांभाळण्यात चूक झाली की काय होतं, हा आजचा विषय. आमच्या जित्यात, म्हणजे एकूणच पेण-रोहा पट्ट्यात, पेज म्हटलं की आधी तांदळाची पेजच आठवते. ती नव्हे. पण मेमरीची पेजही रोजची आणि साधीच गोष्ट आहे, म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

समजा तुमच्या फोनमध्ये ८ जीबी रॅम आहे. कर्नल ती एक सलग जागा म्हणून वापरत नाही. तो तिचे ४ केबीचे तुकडे करतो. एक तुकडा म्हणजे एक पेज. ८ जीबीत अशी २० लाख ९७ हजार १५२ पेजेस बसतात. प्रत्येक पेजमागे लिनक्स कर्नल एक छोटी नोंद ठेवतो, साधारण ६४ बाइटची. गुणाकार केलात तर १२८ एमबी होतात. म्हणजे १२८ एमबी रॅम नुसती वहीखात्याला जाते. कुणी म्हणेल केवढी उधळपट्टी! पण ती वही नसेल तर पुढचं काहीच चालणार नाही.

त्या नोंदीत सगळ्यात महत्त्वाचा आकडा असतो तो रेफरन्स काउंट. हे पेज आत्ता किती जणांच्या हातात आहे, तो आकडा. एखाद्याने पेज घेतलं की एक वाढवायचा, सोडलं की एक कमी करायचा. शून्य झाला की पेज मोकळं, दुसऱ्याला द्यायला तयार. ऐकायला सोपं आहे. आता कमी करायचं राहून गेलं तर पेज कायमचं अडकतं, फोन हळूहळू मंदावतो. हा त्रास आहे, धोका नाही. उलटं झालं, म्हणजे एकदा जास्त कमी केलं गेलं, तर खरी पंचाईत. कुणीतरी अजून ते पेज धरून बसलाय आणि कर्नल तेच पेज दुसऱ्याला देऊन टाकतो. आता एका अ‍ॅपच्या हातात दुसऱ्याचा डेटा. याला यूज-आफ्टर-फ्री म्हणतात आणि कर्नलमधल्या गंभीर बग्सपैकी कितीतरी या जातीचे असतात.

मला मात्र आज दुसऱ्या जातीबद्दल जास्त बोलायचंय. त्यात मोजणी बरोबर असते, पण लिहायची परवानगी चुकीच्या पेजला लागू होते.

आधी एक सोय समजून घेऊ. अँड्रॉइडमध्ये झायगोट नावाचा एक प्रोसेस असतो. फोन सुरू होताना तो सगळ्या अ‍ॅप्सना लागणारं सामान एकदाच मेमरीत आणून ठेवतो. तुम्ही कुठलंही अ‍ॅप उघडलंत की झायगोटची एक प्रत काढली जाते आणि तिचं ते अ‍ॅप होतं. प्रत म्हणजे खरीखुरी नाही हं. तसं केलं तर रॅम पुरणारच नाही. दोघंही तीच पेजेस वाचत राहतात. ज्या क्षणी कुणीतरी लिहायला जातं, त्या क्षणी कर्नल फक्त त्या एका पेजची झेरॉक्स काढतो आणि लिहिणाऱ्याला ती देतो. मूळ पेज जसंच्या तसं. याला म्हणतात कॉपी-ऑन-राइट. फायलींच्या बाबतीतही हेच. फाइल एकदा रॅममध्ये आली की सगळे तीच पेजेस वाचतात. कुणाला खासगी बदल करायचा असेल तर त्याला झेरॉक्स.

आता तलाठ्याचं ऑफिस डोळ्यांसमोर आणा. टेबलावर मूळ नोंदवही आहे. तुम्हाला ती वाचायची परवानगी आहे, लिहायची नाही. तुम्ही म्हणता, भाऊसाहेब, मला माझ्या प्रतीवर एक ओळ लिहून द्या. भाऊसाहेब झेरॉक्स काढतात, टेबलावर ठेवतात आणि स्वतःच्या चिठ्ठीवर लिहितात, "झेरॉक्स झाली, आता परवानगी तपासायची गरज नाही." मग पेन आणायला वळतात. तेवढ्यात तुमचा मित्र ती झेरॉक्स उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकतो. भाऊसाहेब परत येतात. टेबलावर एकच वही दिसते. चिठ्ठी म्हणते परवानगी तपासायची गरज नाही. ते लिहून मोकळे होतात, थेट मूळ नोंदवहीत.

गोष्ट वाटते ना? लिनक्समध्ये अक्षरशः हेच होत होतं. त्या बगचं नाव डर्टी काऊ. काऊ म्हणजे कॉपी-ऑन-राइटची इंग्रजी आद्याक्षरं, गाईचा काही संबंध नाही. अधिकृत क्रमांक सीव्हीई-२०१६-५१९५. प्रोसेसला स्वतःच्याच मेमरीत मागच्या दाराने लिहिण्याची एक सोय असते, डीबगरसाठी ठेवलेली. एक थ्रेड त्या दाराने फाइलच्या खासगी प्रतीवर लिहायला सांगत राहायचा. दुसरा थ्रेड एमअ‍ॅडव्हाइज नावाच्या कॉलने कर्नलला सांगत राहायचा की मला ती प्रत नकोय, टाकून दे. दोघंही हजारो वेळा. कधीतरी एकदा वेळ जुळायचीच. झेरॉक्स काढल्यानंतर कर्नल स्वतःच्या चिठ्ठीवरचं "लिहायचंय" हे निशाण पुसून टाकायचा. मग पुढच्या फेरीत तो नुसतं वाचण्यासाठी पेज शोधायचा, त्याला मूळ फाइलचं पेज मिळायचं, आणि लिहिणं त्यावर व्हायचं. ती फाइल जर सिस्टीमची असेल, रूटच्या मालकीची असेल, तर खेळ खलास. साध्या अ‍ॅपला अख्खा फोन.

हा बग २००७ साली आलेल्या २.६.२२ या आवृत्तीपासून कर्नलमध्ये होता. सापडला ऑक्टोबर २०१६मध्ये. आणि सापडला कसा? फिल ओस्टर नावाचे गृहस्थ आपल्या सर्व्हरवर येणारी सगळी एचटीटीपी रहदारी साठवून ठेवत. त्या साठ्यात त्यांना हल्ल्याचा प्रोग्रॅमच मिळाला. म्हणजे चांगल्या माणसांच्या आधी तो वाईट माणसांना माहीत होता. लिनस टोरवाल्ड्सने दुरुस्ती टाकताना सरळ लिहिलं की अकरा वर्षांपूर्वी आपणच हे दुरुस्त करायचा प्रयत्न केला होता, तो नीट नव्हता, आणि आयबीएमच्या एका मेनफ्रेम प्रोसेसरवर अडचण आली म्हणून काढून टाकावा लागला. तेव्हा हा धोका कागदावरचाच समजला जायचा. पुढे कर्नलचं मेमरीचं काम जास्त समांतर होत गेलं, आणि कागदावरचा धोका प्रत्यक्षात आणणं सोपं झालं. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. ते बारीकसं अंतर तिथेच होतं, फक्त आजूबाजूची गर्दी वाढली.

दुरुस्ती काय केली? "लिहायचंय" हे निशाण पुसायचंच नाही. वेगळं निशाण ठेवायचं की झेरॉक्स काढून झालीये, आणि लिहायच्या आधी समोरचं पेज खरोखर ती झेरॉक्सच आहे का ते पुन्हा बघायचं. भाऊसाहेबांनी परत आल्यावर चिठ्ठी न वाचता टेबलावरचा कागद बघायचा, बस.

आता तुम्ही म्हणाल, हे सर्व्हरवाल्यांचं दुखणं, आपलं काय? डिसेंबर २०१६च्या अँड्रॉइड सिक्युरिटी पॅचमध्ये ही दुरुस्ती आली. त्यानंतर नऊ महिन्यांनी, सप्टेंबर २०१७मध्ये, ट्रेंड मायक्रो या कंपनीने झेडएनआययू नावाचं अँड्रॉइड मालवेअर जाहीर केलं. डर्टी काऊ वापरून फोनचा रूट मिळवणारं. ४०हून जास्त देशांत ते सापडलं आणि सगळ्यात जास्त फोन दोन देशांतले होते, चीन आणि भारत. १२००हून जास्त अ‍ॅप्समध्ये ते दडवलेलं होतं, गेम्समध्ये, प्रौढांसाठीच्या अ‍ॅप्समध्ये. पैसे उकळायची त्याची युक्ती चिनी मोबाइल कंपनीच्या एसएमएस पेमेंटवर चालायची. भारतात ती चालली नाही. पण मागचं दार मात्र फोनमध्ये उघडं राहायचं. दुरुस्ती तयार होती. आपल्या फोनपर्यंत पोचली नव्हती.

दुसरी केस थोडक्यात सांगतो, कारण ती मला गुप्तहेरकथेसारखी आवडते. जर्मनीतल्या एका वेब होस्टिंग कंपनीत मॅक्स केलरमन काम करतात. २०२१मध्ये एका ग्राहकाची तक्रार आली की डाउनलोड केलेली लॉग फाइल उघडत नाही. दुरुस्त केली. काही महिन्यांनी पुन्हा तेच. बिघडलेल्या फायली बहुतेक महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या, आणि प्रत्येकीच्या शेवटी तेच ८ बाइट्स. ते ८ बाइट्स झिप फाइलच्या हेडरचे निघाले. एका प्रोग्रॅमने झिप बनवताना पाइपमध्ये लिहिलेले बाइट्स, त्याला लिहायची परवानगीच नसलेल्या फाइलच्या पेजवर जाऊन पडत होते. शोधत शोधत ते कर्नलपर्यंत पोचले. पाइपच्या बफरवर एक निशाण असतं, "या पेजवर पुढे लिहिलं तरी चालेल" असं. फाइलचं पेज कॉपी न करता पाइपला जोडताना ते निशाण कोरं करायचं राहून गेलं होतं. आधीच्या वापराचा जुना शिक्का नव्या कागदावर तसाच. हा डर्टी पाइप, मार्च २०२२मध्ये जाहीर झाला. गंमत म्हणजे तो ५.८ आणि पुढच्या कर्नलमध्येच होता, त्यामुळे तेव्हाचे नवेकोरे पिक्सेल ६ आणि गॅलेक्सी एस२२ अडकले, आणि जुन्या कर्नलवरचे फोन सुटले. जुना फोन सुरक्षित ठरल्याची ही उदाहरणं मोजकीच.

दोन्हीकडे दुखणं एकच. या पेजवर लिहायचा हक्क कुणाचा, हे उत्तर एका जागी लिहिलेलं, आणि पेज दुसऱ्या जागी. मधल्या वेळात एक बदललं, दुसरं बदललं नाही.

म्हणून गेल्या काही वर्षांत हक्काची नोंद पेजच्या जवळ आणायची खटपट चालू आहे. २०२२च्या ५.१९ आवृत्तीपासून लिनक्समध्ये प्रोसेसच्या खासगी पेजवर एक निशाण असतं, हे पेज फक्त याच प्रोसेसचं आहे असं ठामपणे सांगणारं. आकडे मोजून अंदाज बांधण्यापेक्षा हे बरं.

आणि दुसरी वाट रस्ट. डिसेंबर २०२२च्या ६.१ आवृत्तीपासून कर्नलमध्ये सी भाषेच्या जोडीला रस्टला जागा मिळाली. रस्टमध्ये पेजला मालक असतो. मालकाचं काम संपलं की पेज आपोआप परत जातं, आणि सोडून दिलेलं पेज पुन्हा वापरायला गेलात तर कोड कंपाइलच होत नाही. अँड्रॉइडमधला बाइंडर, म्हणजे अ‍ॅप्स ज्याच्यातून एकमेकांशी बोलतात तो भाग, रस्टमध्ये लिहिला गेला त्यामागे हेच कारण. माझे काही मित्र रस्टचं नाव काढलं की आता सगळे बग संपले असं बोलतात. तसं नाही. पेजमधले बाइट्स प्रत्यक्ष वाचायचे-लिहायचे फंक्शन्स कर्नलच्या रस्टमध्येही अनसेफ म्हणूनच ठेवलेत. कारण तेच पेज त्याच वेळी एखाद्या अ‍ॅपच्या मेमरीतही जोडलेलं असू शकतं, आणि कंपाइलरला ते अ‍ॅप दिसत नाही. पण निदान धोक्याची जागा कोडमध्ये ठळक लिहिलेली असते आणि तपासणाऱ्याला कुठे डोळे फोडायचे ते कळतं. मला एवढंही पुष्कळ वाटतं.

आता आपल्या फोनकडे येऊ. दिवा-रोहा गाडीत बसलात की डब्यातला प्रत्येक जण फोनमध्ये असतो. त्यातले किती फोन आधी मुलाने वापरलेले, मग आईकडे किंवा वडलांकडे आलेले? फोन चांगला चालतो, बॅटरी टिकते, टाकायचा कशाला? आमच्या घरीही हेच. पण कंपनी त्या मॉडेलला पॅच द्यायचं थांबवते तेव्हा फोन काही बोलत नाही. यूपीआय, बँकेचे ओटीपी, पीएम किसानचे मेसेज, सगळं त्यावर सुरूच राहतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी ती आरटीओ चलानची एपीके फाइल तुम्ही पाहिली असेल. त्यातली बहुतेक कर्नलला हातही लावत नाहीत, सरळ एसएमएस वाचायची परवानगी मागतात आणि माणसं देतात. तुम्ही हुशार आहात, "नको" दाबता. पण ते "नको" पाळणारा कोण? अ‍ॅप्सना एकमेकांपासून वेगळं ठेवणारा कर्नल, त्याच्या पेजेसच्या हिशेबासकट. ज्या फोनच्या कर्नलमध्ये डर्टी काऊसारखं भोक उघडं आहे, तिथे परवानगी न मागताही आत शिरता येतं.

तेव्हा एवढं करा. सेटिंग्जमध्ये अबाउट फोन, तिथे अँड्रॉइड व्हर्जन, आणि त्याखाली सिक्युरिटी अपडेटची तारीख. काही फोनमध्ये ती सिक्युरिटी अँड प्रायव्हसीखाली असते. तुमचा बघा, मग घरातल्या मोठ्यांचा बघा. दोन-चार महिन्यांपूर्वीची तारीख असेल तर ठीक. दोन-चार वर्षांपूर्वीची असेल आणि अपडेट नाहीच म्हणत असेल, तर तो फोन गाणी ऐकायला, यूट्यूबला ठेवा. बँकेचं सिम आणि यूपीआय पॅच मिळणाऱ्या फोनवर हलवा, तो स्वस्तातला असला तरी. नवा फोन घेताना कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल विचारतो तसं दुकानदाराला हेही विचारा की सिक्युरिटी अपडेट किती वर्षं येणार. तो गोंधळून बघेल. विचारा तरी.

पुढच्या भागात १६ केबीच्या पेजेसबद्दल बोलू. अँड्रॉइड १५पासून ती सोय आलीये आणि प्ले स्टोअरवर ज्यांची अ‍ॅप्स आहेत त्यातल्या काहींची त्यावरून धावपळ झालीये. तुमचं अ‍ॅप असेल आणि अनुभव असेल तर व्हॉइस नोट पाठवा, भागात घेऊ.