कासचा एक फोटो

आम्ही सातारा-सांगलीच्या काहीजणी महिन्यातून एकदा जमतो, मोबाईलवर काढलेले फोटो एकमेकींना दाखवतो. परवा कास पठाराचे निघाले. पश्चिम घाटाबरोबर २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेलं आपलं पठार! त्यात सीतेची आसवं : नखाएवढं जांभळं फूल, पण वनस्पती कीटक खाणारी बरं का! मग एकीचा फुलांत बसलेला फोटो आला. आम्ही ‘छान’ म्हटलं. सांगलीच्या काकूंनी तो मोठा करून पाहिला. “अगं, साडीच्या काठाशी काय चिरडलंय?” फुलंच होती. ती गप्प झाली. आम्हीही, तसले फोटो आमच्याकडेही आहेत. आता पायवाट सोडायची नाही, असं ठरलंय. तो फोटो मात्र तिनं पुसलेला नाही. नव्या येणाऱ्यांना दाखवीन म्हणाली.