पदवीचा हिशेब आपला आपण ठेवा

(सातारा येथे विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेले भाषण)



ज्या गावात आपण आज जमलो आहोत त्या साताऱ्यात ७ नोव्हेंबर १९०० रोजी राजवाड्यातील सरकारी शाळेच्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकावर एका मुलाचे नाव लिहिले गेले. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते, आणि २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. परमपूज्य बाबासाहेबांच्या विद्वत्तेचा गौरव आपण नेहमी करतो. परंतु त्या विद्वत्तेला पदवीचे रूप येईपर्यंत त्यांना विद्यापीठांच्या किती अटी, किती मुदती आणि किती फेरतपासण्या पार कराव्या लागल्या, याचा विचार आपण क्वचितच करतो. आज मला त्याच बाजूविषयी बोलावयाचे आहे.

१९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते, म्हणजे शेकडा ३८ सुद्धा नाहीत. १९१७ मध्ये बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पण परतण्यापूर्वी चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली होती. त्या मुदतीतच, १९२० मध्ये, ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२१ मध्ये एम.एस्सी. झाले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध १९२३ च्या मार्चमध्ये परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत केला. बाबासाहेबांनी तो नव्याने मांडून पाठविला आणि त्याच वर्षी तो मान्य झाला. कोलंबिया विद्यापीठातला अभ्यास तर १९१६ मध्येच आटोपला होता. तेथील पीएच.डी. मात्र प्रबंध १९२५ मध्ये छापून निघाल्यावर आणि छापील प्रती सादर झाल्यावर १९२७ मध्ये मिळाली. अकरा वर्षे ते त्या अटीला विसरले नाहीत, ही गोष्ट ध्यानात धरण्यासारखी आहे.

आता आपल्या मुलांकडे वळू. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांतील बहुतेक महाविद्यालये १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहेत. काही महाविद्यालये स्वायत्त आहेत. सातारा शहरातील तीन महाविद्यालये मिळून २०२१ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झाले. तेव्हा पालकांनी पहिला प्रश्न हा विचारावा की, आपल्या मुलाची परीक्षा कोण घेते आणि पदवी कोण देणार? कारण नियम त्याच संस्थेचे लागू होतात. शेजारच्या मुलाला जे लागू पडले ते आपल्या मुलाला लागू पडेलच असे नाही.

दुसरा प्रश्न, पदवीसाठी एकूण काय काय पुरे करावयाचे आहे? राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६० ते १७६ श्रेयांक ठरले आहेत. श्रेयांक म्हणजे ज्याला मुले क्रेडिट म्हणतात ते. सत्रात १५ तास व्याख्यान किंवा ३० तास प्रात्यक्षिक, असा एका श्रेयांकाचा साधारण हिशेब आहे. हे श्रेयांक केवळ मुख्य विषयाचे नसतात. दुय्यम विषय, भाषा, मूल्यशिक्षण, कौशल्याचे विषय, प्रत्यक्ष कामाचा अनुभव, या प्रत्येक खात्यात ठरलेली भरती व्हावी लागते. एका खात्यातील जादा श्रेयांक दुसऱ्या खात्यातील उणीव भरून काढीत नाहीत.

आमच्या मुलांचा घात बहुधा येथेच होतो. मुलगा अर्थशास्त्र किंवा रसायनशास्त्र मेहनतीने करतो. पण पहिल्या वर्षाचा पर्यावरणाचा पेपर किंवा एखादे लहानसे प्रात्यक्षिक राहून जाते. तिसऱ्या वर्षाची परीक्षा उत्तीर्ण झाली म्हणून घरात पेढे वाटले जातात. पुढे नोकरीच्या कागदपत्र तपासणीत पदवी प्रमाणपत्र मागितले जाते, आणि तेव्हा कळते की पदवी झालेलीच नाही. वकिलीच्या निमित्ताने असे तरुण माझ्याकडे येतात. जाहिरातीत ठरविलेल्या तारखेपर्यंत पदवी पुरी झालेली नसेल, तर न्यायालयही सहसा त्यांना वाचवू शकत नाही. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पदवीधर आहेत तेथे वडील किंवा काका गुणपत्रक पाहून चूक तत्काळ ओळखतात. आपल्या घरात मुलगाच पहिला पदवीधर व्हावयाचा असतो. त्याला विचारणारे कोणी नसते. म्हणून हा हिशेब घरात लिहून ठेवणे आपल्याला अधिक अगत्याचे आहे.

तिसरी गोष्ट नापास झालेल्या विषयाची. सत्रपद्धतीत एटीकेटीची सवलत असते, म्हणजे काही विषय राहिले तरी पुढच्या वर्गात बसता येते. या सवलतीचा अर्थ मुले फार सैल घेतात. विषय माफ झालेला नसतो, तो केवळ पुढे ढकललेला असतो. किती विषयांपर्यंत पुढे जाता येते याला मर्यादा आहे आणि ती ओलांडली की वर्ष जाते. शिष्यवृत्तीचे नूतनीकरणही वर्ग पुढे सरकण्याशी निगडित असल्याने ते वर्ष घराला दुहेरी महाग पडते.

राहिलेल्या विषयाने गुणांची सरासरी कशी खाली येते तेही पाहा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा अंकी पद्धतीत नापासाला शून्य, केवळ उत्तीर्णाला ४ आणि ‘बी’ श्रेणीला ६ अंक आहेत. समजा सत्र २२ श्रेयांकांचे आहे. त्यांपैकी १८ श्रेयांकांत ७ अंक मिळाले आणि ४ श्रेयांकांचा एक विषय गेला. सरासरी येते ५.७३. तोच विषय पुन्हा देऊन केवळ उत्तीर्ण झाल्यास ती ६.४५ होते, ‘बी’ श्रेणी मिळविल्यास ६.८२ होते. यास्तव पुन्हा बसावयाचे तर कसेबसे सुटण्यासाठी बसू नये, तयारी करून बसावे. उत्तीर्ण झालेल्या विषयात श्रेणी सुधारण्यासाठी पुन्हा बसता येते की नाही, हे प्रत्येक विद्यापीठाच्या नियमांवर अवलंबून आहे. ते परीक्षा विभागाला लेखी विचारावे, तोंडी उत्तरावर विसंबू नये.

येथे एक धोका विशेष सांगतो. अभ्यासक्रम बदलला की जुन्या अभ्यासक्रमाच्या परीक्षा ठराविक वेळाच होतात. त्यानंतर नव्यातील समकक्ष विषय घ्यावा लागतो. संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी रचना आली आहे. ज्यांचे जुने विषय राहिले असतील त्यांनी पुढच्या सत्राची वाट न पाहता या आठवड्यात चौकशी करावी.

निकालच चुकीचा वाटत असेल तर? उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन यांचे अर्ज निकालानंतर थोड्याच दिवसांत करावे लागतात. शिवाय ९ ऑगस्ट २०११ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने, तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थ्याला माहितीच्या अधिकाराखाली हक्क आहे, असे सांगितले आहे. उत्तरपत्रिका जतन करण्याची मुदत संपली की मात्र तो हक्क हाती येत नाही. कोणी पैसे घेऊन विषय ‘काढून’ देतो म्हणाला, तर त्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नका. त्यात पदवी तर जातेच, फौजदारी गुन्हाही अंगावर येतो.

मातांना आणि भगिनींना एक गोष्ट सांगावयाची आहे. लग्न, बाळंतपण किंवा घरातले आजारपण यांमुळे मुलीचे शिक्षण थांबले, की ते कायमचे संपले असे आपण धरून चालतो. नव्या रचनेत तसे नाही. पहिल्या वर्षाचे ठरलेले श्रेयांक आणि ४ श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम पुरा करून बाहेर पडल्यास प्रमाणपत्र मिळते. तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते. मिळविलेले श्रेयांक शैक्षणिक श्रेयांक बँकेत तिच्या नावावर राहतात. बाबासाहेबांनी १९१७ मध्ये जी परवानगी मागून घेतली, तिच्यासारखीच सवलत आज नियमात आहे. मात्र मुदत मोजावयास हवी.

तेव्हा घरी गेल्यावर एक वही घाला. पहिल्या पानावर कायम नोंदणी क्रमांक आणि अभ्यासक्रमाचे वर्ष लिहा. पुढे प्रत्येक सत्राला एक पान ठेवा: विषय, श्रेयांक, अंतर्गत गुण, लेखी परीक्षेचे गुण, श्रेणी आणि उत्तीर्ण की बाकी. अंतर्गत आणि लेखी असे दोन रकाने मुद्दाम सांगितले, कारण अनेक ठिकाणी दोहोंत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते. बाकी असलेला विषय लाल शाईने लिहा आणि त्यापुढे परीक्षा अर्जाची शेवटची तारीख टाका. मूळ गुणपत्रके आणि फी भरल्याच्या पावत्या एकत्र बांधून ठेवा. ज्या आईला अक्षरओळख नाही, तिलाही लाल शाई दिसते, ती मुलाला विचारू शकते, “बाळा, हे लाल कधी पुसणार?”

नापास झालेल्या मुलाला “नशीब फुटके” असे म्हणू नका. नशिबाची भाषा आपण दीक्षा घेताना मागे टाकली आहे. प्रत्येक गोष्टीला कारण असते आणि कारण सापडले की उपाय सापडतो, हे भगवान बुद्धांनी शिकविले. विषय का गेला, भाषा कळली नाही, पुस्तक नव्हते, की मजुरीमुळे तास बुडाले, ते शांतपणे शोधा. विहारात रविवारी जमता, तेव्हा वरच्या वर्गातील मुलांनी खालच्यांच्या वह्या तपासाव्यात. अर्ध्या तासाचे काम आहे. त्याने एखाद्या घराची तीन वर्षे वाचतील.

जय भीम.