घड्याळातला लोहार
(स्नेहसंमेलनप्रसंगी केलेले भाषण)



आज मी आपल्याला एका घड्याळाची हकीकत सांगणार आहे आणि ती सांगताना माझी एक चूकही कबूल करणार आहे.

हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात एक जुने इंग्रजी टेबल-घड्याळ आहे. ३५० हून अधिक भागांचे हे यंत्र कलकत्त्याच्या कुक अँड केल्व्ही कंपनीने जुळविले. तास भरण्यास ३ मिनिटे उरली की दाढीवाला एक बाहुला दारातून बाहेर येतो आणि वेळ होताच टोले देतो. दुसरा बाहुला लोहाराचा. तो सेकंदा-सेकंदाला घण घालीत असतो.

देहूहून आम्ही मुलांची सहल तेथे नेली होती. सारी मुले टोले मोजण्यात रमली. नववीतल्या एकाने मात्र मला विचारले, "सर, चावी दिल्यावर स्प्रिंग जोरात असते, मग ढिली पडत जाते. तर घड्याळ आधी पुढे आणि नंतर मागे का पडत नाही?"

मला उत्तर आले नाही. हाच तो मुलगा, ज्याच्या वडिलांना मी सांगितले होते, "हा घरचे गजराचे घड्याळ खोलून बसतो. याला शिक्षण मानवणार नाही."

परतल्यावर मी पुस्तके काढली. जुन्या इंग्रजी टेबल-घड्याळांत शंकूच्या आकाराचे एक खाचेदार चाक असते. स्प्रिंगच्या डबीपासून त्यावर बारीक साखळी किंवा तात गुंडाळलेली असते. स्प्रिंग जोरात असते तेव्हा ओढ शंकूच्या निमुळत्या टोकावर पडते. ती ढिली होत जाते तशी ओढ रुंद भागावर सरकते. लांब पान्याने कमी जोरात नट फिरतो, तेच हे तत्त्व. म्हणून चाकांना अखेरपर्यंत जवळजवळ सारखीच शक्ती मिळते.

अशी घड्याळे घडविणाऱ्यांत थॉमस टॉम्पियनचे नाव मोठे आहे. तो लोहाराचा मुलगा. १७१३ साली तो वारला, तेव्हा त्याला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन करण्यात आले. हे कसब केवळ इंग्रजांचे नव्हे. अल्-जझरी यांनी १२०६ साली पुऱ्या केलेल्या ग्रंथात हत्तीच्या आकाराच्या जलघड्याळाची रचना दिली आहे. हात आणि ग्रंथ त्यांनी वेगळे मानले नाहीत.

मी त्या मुलाच्या घरी गेलो आणि माझा शब्द मागे घेतला. वडील म्हणाले, "सर, तुमच्याच बोलण्यावरून मी त्याचे नाव शाळेतून काढणार होतो." माझ्या अंगावर काटा आला.

आज तो आय.टी.आय.मध्ये टूल अँड डाय मेकरचे शिक्षण घेत आहे. रविवारी भूमितीच्या शंका घेऊन माझ्याकडे येतो आणि कधी कधी मलाच अडवितो.

पालकहो, चाकण-तळवड्याचे कारखाने आपल्या दाराशी आहेत. मुलाचा किंवा मुलीचा हात यंत्राकडे वळला तर त्यात कमीपणा मानू नका. पण म्हणून त्यांची शाळाही सोडवू नका. शंकूचे गणित ज्याला कळते, तोच उद्या नवे यंत्र घडवील. आणि मित्रांनो, घरचे घड्याळ खोललेत तर ते पुन्हा जोडल्याशिवाय उठू नका!